मोकळी काठी

फार पूर्वी, वेणुमती नदीच्या काठी मेघवती नावाच्या नगरीत सुषेण राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका भाटाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. मोठा होता होता त्याने वंशावळी पाठ केल्या, स्तुती रचायला शिकला, आणि वडील गेल्यावर त्यांची वेताची काठी त्याच्या हाती आली.

या काठीची एक रीत होती. मेघवतीचा भाट ज्याचे अन्न खाऊन ज्याची स्तुती करी, त्याच्या रंगाचे फडके तो काठीच्या टोकाला बांधी. त्यामुळे हा कोणाच्या घरचे जेवून आला आहे, ते ऐकणाऱ्यांना लांबूनच समजे. मग ते स्तुती आनंदाने ऐकत, माना डोलावत, आणि त्यातली निम्मी तिथेच सोडून घरी जात. यात कोणी कोणाला फसवीत नव्हते. भाटाला स्वतःच्या मनातले बोलायचे असले की तो फडके सोडून ठेवी. मोकळ्या काठीच्या शब्दाचे वजन निराळे असे. त्या शब्दावर लोक बैल विकत घेत आणि मुलीही देत.

मेघवतीचे लोक मोठे खेळवेडे. शेतीची कामे उरकली की घरोघरी पट मांडले जात. त्या नगरीत पट बनवणारे दोन श्रेष्ठी होते. मणिभद्र श्रेष्ठीचा रथपट शिसवी लाकडाचा असे. त्याला भोके असत आणि सोंगट्यांना खुंट्या, त्या भोकांत बसवायच्या. कपिशील श्रेष्ठीचा नौकापट मेण लावलेल्या जाड कापडाचा, त्यावरच्या सोंगट्या सपाट बुडाच्या. एकाच्या सोंगट्या दुसऱ्यावर उभ्या राहत नसत. डावही निराळे. रथांच्या लढाईचा डाव रथपटावरच खेळायचा आणि बेटांचा डाव नौकापटावरच. दोन्ही पट घेणे राजवाड्याखेरीज कोणाला परवडत नसे, म्हणून ज्याने त्याने एक निवडला, आणि निवडला तो निवडला.

पुढे काय झाले ते सांगायला नकोच. श्रेष्ठी आपापल्या माडीवर शांत झोपत, भांडत ते विकत घेणारे. ज्याने वर्षभराची शिल्लक एका पटावर घातली, त्याला दुसरा पट चांगला आहे हे ऐकणे कसे सोसावे? रथवाले पिवळे पागोटे घालू लागले आणि नौकावाले निळे. एका कासाराने ठरलेली सोयरीक मोडली, कारण मुलाच्या घरी नौकापट निघाला. दोन सख्खे साडू समोरासमोर राहून वर्षभर बोलत नव्हते, आणि त्यांच्या बायका विहिरीवर एकमेकींना चोरून भेटत.

या आगीत तेल ओतायला भाट होतेच. मणिभद्राच्या भाटांच्या काठीला पिवळे फडके, कपिशीलाच्या भाटांच्या काठीला निळे. सुरुवातीला ती वावभर लांब असत. पण फडके पाहून लोक निम्मी स्तुती सोडून देतात हे श्रेष्ठींच्या ध्यानात आले, तशी फडकी आखडू लागली. फडक्याची चिंधी झाली, चिंधीचा दोरा झाला, आणि दोरा मुठीखाली गेला. कोणी विचारले तर भाट म्हणे, "बांधलेला आहे की!" आणि तो खरोखरच बांधलेला असे.

सोमिल यांच्यातला नव्हता. तो पोटासाठी लग्नघरी वंशावळी गाई आणि तेव्हा काठीला यजमानाचे फडके चांगले लांब बांधी. पटांविषयी मात्र तो नेहमी मोकळ्या काठीने बोले. नवा पट निघाला की तो शेजाऱ्याकरवी बाजारातून विकत आणवी, म्हणजे श्रेष्ठीने निवडून काढलेला उत्तम पट त्याच्या वाट्याला येऊ नये. मग तो पट तो पूर्ण पावसाळाभर खेळे. आश्विन पौर्णिमेच्या सकाळी घाटाच्या पायऱ्यांवर उभा राहून, पट कसा आहे ते चार वाक्यांत सांगे. ती चार वाक्ये ऐकायला पिवळे आणि निळे दोघेही येत.

सोमिलाच्या स्वतःच्या घरी मात्र पट होता तो ना रथाचा ना नौकेचा. त्याच्या बायकोने जुन्या लुगड्याचे काठ जोडून शिवलेला तो साधा कापडी पट होता, सोबत पाच कवड्या. बायको लवकर गेली. मागे राहिली मुलगी, कणिका. दिवेलागणीला बाप आणि लेक तो पट उलगडून बसत. कणिका हरायला लागली की रुसत असे, पण दान कधी चोरत नसे. लहान असताना एकदाच तिने कवडी बोटाने उलटी केली होती. सोमिल रागावला नाही. त्याने पट गुंडाळला आणि म्हणाला, "आता खेळण्यासारखं काही राहिलं नाही, बाळ." ती रात्री जेवली नाही, आणि पुन्हा तिने कवडीला बोट लावले नाही.

कणिका वयात आली आणि तिचे लग्न शंखपत्तनच्या एका दोर वळणाऱ्याशी ठरले. शंखपत्तन समुद्राकाठी, मेघवतीहून तीन महिन्यांच्या वाटेवर. मध्ये चोरांचे अरण्य, त्यामुळे तांड्यावाचून जाता येत नसे, आणि तिकडे जाणारा तांडा एकट्या मणिभद्राचा. सोमिलाचा एक पाय अधू होता. इतका प्रवास त्याच्याने होणार नव्हता. म्हणजे मुलगी निघाली की दिसायची नाही, हे त्याला ठाऊक होते.

निघायच्या दिवशी सकाळी एक डाव चालू होता. गाडीवानाने हाक मारली. कणिकेने कवड्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, "बाबा, हा मोडू नका. मी तिकडून दान टाकून कळवीन."

"आणि मी बघायला नसेन तर?"

"मग काय झालं?" ती म्हणाली.

मणिभद्र श्रेष्ठीने त्या दिवशी मोठेपणा दाखवला. भाटाची मुलगी म्हणून त्याने तिला चांगल्या बैलांच्या छपराच्या गाडीत बसवले आणि भाडे घेतले नाही. सोमिलाने हात जोडले. डोळे पुसताना त्याला दुसरे काही सुचले नाही.

पुढच्या वसंतात मणिभद्राने रथपटाचा नवा प्रकार काढला. वैशाखाच्या जत्रेत श्रेष्ठी सहज भेटल्यासारखा भेटला आणि म्हणाला, "सोमिलबाबा, लोक विचारताहेत. तुम्हांला कसा वाटला ते सांगा ना दोन शब्द." पट सोमिलाला खरेच आवडला होता. पावसाळा अजून यायचा होता, पण त्याच्या मनात आले, थांबायचे कशाला? तो घाटावर गेला, मोकळ्या काठीने बोलला, आणि एक शब्दही खोटा बोलला नाही.

पाऊस आला. लाकूड फुगले. खुंट्या भोकांत अडकल्या आणि ओढताना मोडू लागल्या. भाद्रपदात नंदिक नावाचा एक गाडीवान मोडका पट घेऊन सोमिलाच्या दारात आला. हा मणिभद्राच्याच तांड्यात बैल हाकायचा. पटासाठी त्याने घरचे खोंड दिले होते. त्याने भांडण केले नाही. पट ओट्यावर ठेवला आणि एवढेच म्हणाला, "बाबा, तुम्ही बोललात म्हणून घेतला."

सोमिल त्या पटाकडे कितीतरी वेळ पाहत बसला. खोटे तर तो बोलला नव्हता. मग चुकले कुठे? चुकले ते गाडीच्या छपराखाली. मुलगी आरामात गेली, त्या उपकाराने त्याला घाई करायला लावली, आणि ते आपल्याला मोल मिळाले आहे हे त्याच्या लक्षातच आले नाही. काठीला पिवळे फडके बांधायला तो विसरला होता. आश्विन पौर्णिमेला त्याने हे घाटावर सर्वांसमोर सांगितले. काही हसले, काहींना त्याची कीव आली. नंदिकाला खोंड मात्र परत मिळाले नाही.

यानंतरची चार वर्षे सोमिल एका गोष्टीवर जगला. कार्तिकात तांडा निघताना तो कवड्या टाकी आणि पडलेले दान गाडीवानाला सांगे. ज्येष्ठात तांडा परते तेव्हा कणिकेचे दान येई. चार पडले. दोन पडले. तुमची काळी सोंगटी मेली, बाबा. वर्षाला एक खेळी. तिचे दान कोणी पाहिलेले नसे आणि त्याचेही नाही. तरी एकदाही त्याच्या मनात शंका आली नाही. तो सोंगटी उचलून सांगितल्या घरात ठेवी आणि पटावर टोपली झाकी, म्हणजे उंदीर शिरू नयेत.

चौथ्या वर्षी डाव रंगात आला. कणिकेची शेवटची तांबडी सोंगटी घरापासून तीन पावलांवर होती. तीन पडले की ती पिकणार आणि डाव कणिकेचा. सोमिलाची काळी मागून येत होती. त्याने आपले दान पाठवले. आता खेळी तिची होती.

त्या ज्येष्ठात तांडा परतला, पण दान आले नाही. तांड्याच्या मुखियाने खालच्या मानेने सांगितले, "मालकांचा हुकूम आहे. कोणाचे खाजगी निरोप न्यायचे-आणायचे नाहीत." पुढच्या वर्षी तेच, आणि त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. तीन वर्षे तांबडी सोंगटी त्याच घरात उभी होती. सोमिल रोज सकाळी टोपली काढी, प्रत्येक सोंगटी पुसून जिथल्या तिथे ठेवी, आणि तांबडी सोंगटी हातात जरा जास्त वेळ धरी. लेक सुखात आहे की नाही, जिवंत तरी आहे की नाही, हेही त्याला कळत नव्हते. रस्त्यावरून बैलांच्या घंटा वाजत गेल्या की तो अधू पाय ओढत दारापर्यंत जाई. बहुधा कुंभाराची गाडी असे.

अशा एका सकाळी मणिभद्र श्रेष्ठी स्वतः त्याच्या ओट्यावर येऊन बसला. यंदा त्याने रथपट पुन्हा नवा केला होता. भोकांना आतून पितळेची कडी बसवली होती. सोमिलाने तो रीतीप्रमाणे पावसाळाभर खेळून पाहिला होता. खुंट्या कुठेही अडकल्या नव्हत्या. पट खरोखर चांगला होता.

"तुमची मुलगी," श्रेष्ठी म्हणाला, "खुशाल आहे. दोन मुलं आहेत तिला. माझ्या माणसांनी पाहिलं."

सोमिलाच्या हातातली काठी खाली पडली. त्याने ती उचलली नाही.

"कार्तिकात तांडा निघेल," श्रेष्ठी पुढे म्हणाला. "येताना तिला आणि नातवंडांना घेऊन येईल. चार महिने राहील, मग पोचती करू. पौर्णिमेला तुम्ही पटाविषयी बोलाल तेव्हा चांगलं बोला, एवढंच."

"बोलेन," सोमिल म्हणाला. "पिवळं फडकं बांधीन आणि बोलेन."

"फडक्याचं बोलणारे माझ्याकडे वीस आहेत. त्यांचं कोण ऐकतो? काठी मोकळी हवी." मग श्रेष्ठी जरा दुखावल्यासारखा म्हणाला, "खोटं बोला असं मी कुठं म्हणतो? पट चांगला नाही का?"

"चांगला आहे."

"मग? खरं तेच बोलायचं आहे तुम्हांला."

श्रेष्ठी लबाड होता असे म्हणता येणार नाही. आपण एका म्हाताऱ्याला सुखाची गोष्ट देत आहोत असे त्याला मनापासून वाटत होते. जाताना त्याने सोमिलाची काठी उचलून त्याच्या हातात दिली.

पौर्णिमेला सहा दिवस होते. या सहा दिवसांत सोमिलाने घर सारवले. दोन मुले आहेत, म्हणजे दोन लहान पाट लागतील, म्हणून त्याने सुताराकडे पाट सांगितले. मग सुताराकडे जाऊन ते नको म्हणून सांगितले. मग पुन्हा सांगितले. सुतार वैतागला. सोमिलाला मुलगी हवी होती. तिला पाहावे, तिचा आवाज ऐकावा, तिने पटासमोर मांडी घालून बसावे आणि हरायला लागली की रुसावे, याखेरीज त्याला या जन्मी काही नको होते. आणि बोलायचे ते तर सगळे खरेच होते! आपल्या मनाशी त्याने हे शंभरदा म्हटले. दर वेळी त्याच्या डोळ्यांपुढे ओट्यावर ठेवलेला मोडका पट आला. तेव्हाही तो खरेच बोलला होता.

पौर्णिमेच्या सकाळी घाट भरून गेला. एका बाजूला पिवळी पागोटी, दुसरीकडे निळी. मणिभद्र पुढे बसला होता आणि गाडीवानही आले होते. सोमिल मोकळी काठी घेऊन पायरीवर चढला. त्याने कमरेला खोचलेले पिवळे फडके काढले, झटकले, आणि काठीच्या टोकाला बांधले. गाठ दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली.

"लोकहो," तो म्हणाला, "हा नवा पट मला चांगला वाटला. पावसातही तो अडला नाही. पण हे मोकळ्या काठीने म्हणण्याचं मोल माझ्यापुढे ठेवलेलं आहे. माझी मुलगी सात वर्षांनी घरी येईल, हे ते मोल. ज्या डोळ्यांनी मी पट पाहिला, ते डोळे तीन वर्षं वाटेकडे लागलेले आहेत. त्यांना दिसलेलं किती धरायचं, ते माझं मलाच कळत नाही. तुम्ही माझ्यावर जाऊ नका. खेळून बघा."

मग निळ्यांच्या बाजूने एकच आरोळी उठली, "पिवळ्यांचं पितळ उघडं पडलं!" पिवळे उठून उभे राहिले. सोमिल ओरडून सांगत होता, "अहो, पट वाईट नाही! पट चांगला आहे!" पण आता ते कोणालाच ऐकायचे नव्हते. निळ्यांना तो आपला वाटला आणि पिवळ्यांना फितूर. मणिभद्र उठला आणि त्याच्याजवळून जाताना म्हणाला, "काठी मोकळी ठेवा म्हटलं होतं. एवढंच तर मागितलं होतं." त्याच्या आवाजात रागापेक्षा आश्चर्यच अधिक होते.

सोमिल घरी आला. टोपली काढून पटासमोर बसला, आणि मग तो लहान मुलासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी कपिशील श्रेष्ठी आला. सोबत फळांची टोपली होती, ती सोमिलाने आत नेऊ दिली नाही.

"तुम्ही काल माझं मोठं काम केलंत," कपिशील म्हणाला.

"तुमचं काम करायला मी गेलो नव्हतो."

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो." श्रेष्ठी जवळ सरकला. "माझ्या नावा नदीतून समुद्रापर्यंत जातात. शंखपत्तनला जात नाहीत, पण एक पाठवीन. तुमच्या मुलीला घेऊन येईल. मला काही नको. पटाविषयी एक शब्द नको. केवळ तुमच्या सत्याला नमस्कार म्हणून."

कालच्यापेक्षा हे अवघड होते. मणिभद्राने काही मागितले तरी होते. हा काहीच मागत नव्हता. सोमिलाच्या जिभेवर 'हो' आले. ते तिथे बराच वेळ राहिले.

"श्रेष्ठी," शेवटी तो म्हणाला, "सात वर्षांपूर्वी माझी मुलगी फुकट गाडीत बसून गेली. तेव्हाही कोणी काही मागितलं नव्हतं. तुमच्या नावेतून ती उतरली, तर मी तिच्या तोंडाकडे बघेन, आणि त्यानंतर तुमचा प्रत्येक पट मला चांगलाच दिसेल. माझा इलाज चालणार नाही."

"मग पटांवर बोलणं सोडून द्या. दुसरं कोणी बोलेल."

"कोण?" सोमिल म्हणाला.

कपिशीलाने नावे आठवून पाहिली. प्रत्येकाच्या मुठीखाली एक दोरा होता, आणि त्यांतले निम्मे दोरे त्यानेच दिलेले होते. तो उठला आणि फळांची टोपली घेऊन गेला.

कार्तिकात तांडा निघाला. सोमिल या वेळी वेशीपर्यंत गेलाच नाही. घरात बसून त्याने घंटा ऐकल्या. हिवाळा गेला, उन्हाळा आला. लग्नघरची बोलावणी कमी झाली, कारण पिवळ्या घरांनी त्याला टाकले होते, आणि निळ्या घरांनाही तो आपला नाही हे हळूहळू कळले होते. तो एक वेळ जेवू लागला. सोंगट्या मात्र रोज पुसत होता.

ज्येष्ठात एका भर दुपारी नंदिक गाडीवान ओट्यासमोर येऊन उभा राहिला. वाटेची धूळ अजून अंगावर होती. घरीसुद्धा न जाता तो आला होता.

"बाबा," तो म्हणाला, "एक पडलं."

सोमिलाला काहीच कळेना.

"तुमची लेक भेटली. समुद्राजवळ घर आहे तिचं. दोर वाळत घातलेले असतात अंगणात. मी म्हटलं, बाबांचा डाव अडलाय. तर ती आत गेली, कवड्या घेऊन आली आणि माझ्यासमोर टाकल्या. म्हणाली, 'बाबांना सांगा, तीन हवे होते, एक पडलं. पुन्हा टाकावंसं वाटलं, पण टाकलं नाही.'"

"मालकांचा हुकूम मोडलास तू," सोमिल महत्प्रयासाने म्हणाला. "तुझं काम जाईल."

"गेलं. वेशीतच गेलं. मुखियाला मीच सांगितलं, निरोप आणलाय म्हणून. चोरून कशाला आणू?" नंदिक ओट्यावर टेकला. "माझं खोंड गेलं तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा. बोललो नाही, पण आला होता. मग घाटावर तुमच्या हातातली गाठ दोनदा सुटताना बघितली. तेव्हाच म्हटलं, या माणसाचं दान मी आणणार. आता राजाच्या गोशाळेत काम मागीन."

सोमिल उठला. त्याने नंदिकाला आधी पाणी दिले. मग टोपली काढली, तांबडी सोंगटी उचलली आणि एक घर पुढे ठेवली. तिचे चार वर्षांचे घर रिकामे झाले. आता ती उघड्यावर, त्याच्या काळीच्या तोंडाशी आली होती. तिथे बसलेला कोणीही तिला सांगू शकला असता की तीन पडले असे कळव, कोण बघायला येतो? ती तीन महिन्यांच्या वाटेवर होती. तरी एक पडले ते तिने एकच सांगितले होते. सोमिलाला वाटले, लेक घरी आली. ती आली नव्हती, हे त्याला कळत होते. तरी त्याला तसे वाटले, आणि तो त्या पटावर वाकून हसत रडत राहिला. नंदिक दुसरीकडे बघत पाणी प्यायला.

त्यानंतर मेघवतीत एक नवी गोष्ट सुरू झाली. कोणी भाट पटाची स्तुती करायला लागला की घाटावरची एखादी म्हातारी बाई ओरडे, "आधी मूठ उघड!" मूठ उघडल्याशिवाय कोणी ऐकून घेत नसे. दोरे पुन्हा फडकी झाले. पिवळे आणि निळे भांडायचे ते भांडतच राहिले, ते काही सुटले नाही. पण नव्या रथपटावर पितळेची कडी आहेत आणि खुंट्या पावसात अडत नाहीत, हे लोकांनी स्वतः खेळून पाहिले, आणि पट खपला. त्यावर मणिभद्राने निरोपांवरचा हुकूम मागे घेतला, पण नंदिकाला परत बोलावले नाही.

वर्षाला एक खेळी, असा तो डाव पुढे सहा वर्षे चालला. कणिका कधी आली नाही. सातव्या वर्षी चैत्रात सोमिल गेला. ज्येष्ठात तिचे दान आले, तेव्हा ते ऐकायला घरी कोणी नव्हते. नंदिकाने येऊन तिची सोंगटी हलवली आणि पाच कवड्या सोमिलाच्या जागेसमोर ठेवल्या.

ही कथा शास्त्यांनी जेतवनात सांगितली, ती वप्रक नावाच्या एका भिक्षूवरून. नगरातला एक तेली त्याला दिव्यासाठी रोज तेल देत असे, आणि वप्रक भिक्षेला जाईल त्या घरी त्या तेलाची वाखाणणी करी. आपल्याला ते फुकट मिळते, एवढे मात्र तो सांगत नसे. इतर भिक्षूंनी टोकले तेव्हा तो म्हणाला, "मी खोटं कुठं बोललो? तेल चांगलंच आहे."

कथा संपवून शास्ते म्हणाले, "वप्रका, हेच वाक्य तू पूर्वीही बोलला होतास. त्या वेळचा मणिभद्र श्रेष्ठी तूच. कपिशील श्रेष्ठी म्हणजे हा तुला तेल देणारा तेली. नंदिक गाडीवान म्हणजे हा आनंद भिक्षू. सोमिल भाट मी होतो. जे बोललो ते खरे होते, एवढ्याने सत्य पुरे होत नाही. शब्दामागे कोणाचे अन्न आहे तेही ऐकणाऱ्याला दिसले पाहिजे. त्या जन्मी मी हे एकदा चुकून शिकलो, आणि दुसऱ्यांदा सगळे गमावून पाळले."

वप्रकाने मान खाली घातली. सभेच्या अगदी मागे, दाराशी, एक वृद्ध भिक्षुणी बसली होती. समुद्राकाठच्या देशातून तीन महिने चालून ती त्याच दिवशी पोचली होती. का आलीस असे वाटेत कोणी विचारले, तर तिला धड सांगता येत नसे. आपले काहीतरी राहिले आहे, एवढेच ती म्हणे. शास्त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आणि कणिका ही."

सगळ्यांनी वळून पाहिले. भिक्षुणीने हात जोडले. मग तिने विचारले, "भगवन्, तो डाव कोण जिंकलं?"

"कोणीच नाही. दान माझं राहिलं होतं."

"हो," ती म्हणाली. "मी वाट पाहत होते."

सत्यपारमितेची ही कथा इथे पुरी झाली. डाव तेवढा राहिला.